‘कोसला’तील विद्यार्थी आणि ताण-व्यवस्थापनाची परिभाषा : एक चिकित्सा

प्रास्ताविक

विद्यापीठीय विद्यार्थ्यांचा मानसिक ताण आणि त्यांची शैक्षणिक संपादणूक यांतील परस्परसंबंध हा गेल्या दोन-अडीच दशकांत शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, शारीरिक शिक्षण आणि व्यवस्थापन अशा अनेक विद्याशाखांतील संशोधकांचा आवडता विषय झालेला आहे. महाविद्यालयीन चर्चासत्रांच्या स्मरणिका चाळल्या असता या विषयावर किमान एक-दोन शोधनिबंध हमखास आढळतात. त्यांची मांडणीही ठरावीक असते. ताणाची व्याख्या, एक प्रमाणित प्रश्नावली, शे-दीडशे विद्यार्थ्यांचा नमुना, मध्यमान आणि प्रमाण विचलन, ऋण सहसंबंध, आणि शेवटी योगासने, वेळेचे नियोजन, छंद व समुपदेशन यांची शिफारस. या लेखनामागील तळमळ खोटी आहे असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यनिहाय संख्येत महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर होता. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले, यावरूनही प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते.

मात्र गांभीर्य मान्य करणे वेगळे आणि त्याला योग्य परिभाषा लाभणे वेगळे. ‘ताण कमी झाला की गुण वाढतील’ हे या लेखनाचे बहुधा न उच्चारलेले गृहीतक आहे. ते तपासण्यासाठी प्रस्तुत लेखात एका कादंबरीचा आधार घेतला आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीवर मराठीत विपुल समीक्षा झाली. तिची भाषा, तिचा अस्तित्ववादी सूर, सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’शी असलेले तिचे नाते, तिचा देशीपणा या सर्व अंगांनी चर्चा झाली. परंतु ती प्रथमतः एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या नापास होण्याची कहाणी आहे, या साध्या वस्तुस्थितीकडे समीक्षेने फारसे थांबून पाहिलेले नाही. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांनी तर ती आपल्या विषयाची मानलीच नाही.

सर्वेक्षणाची पद्धत आणि तिच्यातून सुटणारा विद्यार्थी

आधी शास्त्राची बाजू पाहणे आवश्यक आहे, कारण रूढ लेखन ज्या शास्त्राचा आधार सांगते ते शास्त्र स्वतः इतके ठाम नाही.

‘ताण’ या शब्दाला हान्स सेल्ये यांनी १९३६ पासून शरीरशास्त्रीय अर्थ दिला. पुढे लझारस आणि फोकमन यांनी १९८४ च्या ग्रंथात ताणाची जी संकल्पना मांडली तिच्यात ताण हा व्यक्तीचा गुणधर्म नसून व्यक्ती आणि तिची परिस्थिती यांच्यातील संबंध आहे. समोरची मागणी आपल्या साधनांच्या पलीकडची आहे असे व्यक्तीला वाटणे म्हणजे ताण. यात ‘साधने’ हा शब्द निर्णायक आहे. पैसा, वेळ, भाषा, ओळखीची माणसे, घरातील स्थान ही सारी साधनेच होत. आपल्याकडील प्रबंधांत ही व्याख्या दुसऱ्या प्रकरणात आदराने उद्धृत केली जाते आणि तिसऱ्या प्रकरणात, प्रत्यक्ष मापनाच्या वेळी, परिस्थिती गळून पडते. उरतो तो केवळ विद्यार्थी आणि त्याने प्रश्नावलीवर केलेल्या खुणा. कोहेन व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तयार केलेली ‘पर्सीव्हड स्ट्रेस स्केल’ ही सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली गेल्या एका महिन्यात किती वेळा असे वाटले, एवढेच विचारते. तिचा तो दोष नव्हे. ती तेवढ्यासाठीच आहे. मात्र एका महिन्याची भावना आणि तीन वर्षांचा निकाल यांच्यात रेषा ओढणारा संशोधक तिच्याकडून नको ते काम करून घेत असतो.

परीक्षेपूर्वी थोडा ताण असावा, तो उपकारक असतो, हे वाक्यही येथे वारंवार येते आणि त्यासाठी यर्क्स-डॉडसन नियमाचा दाखला दिला जातो. १९०८ चा तो मूळ प्रयोग नाचऱ्या उंदरांवर झाला होता. दोन पेट्यांपैकी योग्य पेटी निवडण्यास उंदरांनी शिकावे म्हणून त्यांना कमी-अधिक तीव्रतेचे विजेचे धक्के देण्यात आले. भेद ओळखणे सोपे असताना तीव्र धक्क्याने शिकणे लवकर झाले, भेद कठीण असताना मध्यम धक्का अधिक उपयुक्त ठरला. विजेच्या धक्क्याचे रूपांतर पुढे ‘उत्तेजना’त, ‘चिंते’त आणि अखेरीस ‘ताणा’त कसे होत गेले याचा चिकित्सक मागोवा कार्ल टायगेन यांनी १९९४ मध्ये घेतलेला आहे. मानवी विद्यार्थ्यासाठी ‘योग्य तेवढा ताण’ किती, हे त्या उंदरांवरून ठरविता येत नाही.

आता गुणांचा प्रश्न. रिचर्डसन, अब्राहम आणि बॉन्ड यांनी १९९७ ते २०१० या काळातील संशोधनाचे एकत्रित विश्लेषण करून २०१२ मध्ये ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये प्रसिद्ध केले. विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या गुणांशी संबंधित अशा सुमारे पन्नास घटकांचा त्यांनी विचार केला. त्यात सर्वसाधारण ताण आणि गुण यांचा सहसंबंध उणे ०.१३ आणि शैक्षणिक ताण व गुण यांचा उणे ०.१२ इतका आढळला. वर्ग करून पाहिल्यास गुणांमधील एकूण फरकापैकी दोन टक्क्यांहूनही कमी भागाचा संबंध ताणाशी जोडता येतो. त्याउलट आपण अमुक इतके गुण मिळवू शकू, या विद्यार्थ्याच्या विश्वासाचा गुणांशी सहसंबंध ०.५९ होता. अर्थात या विश्वासाची मुळे पूर्वी मिळालेल्या गुणांतही असतात, हे विसरता येत नाही. या आकड्यांवरून ताण क्षुल्लक आहे असा अर्थ काढणे चूक ठरेल. ताणाचे महत्त्व गुणांच्या मापाने मोजता येत नाही, एवढेच त्यावरून म्हणता येईल, आणि ते थोडेथोडके नाही.

नमुन्याविषयी एक गोष्ट नोंदविणे भाग आहे. प्रश्नावल्या वर्गात भरून घेतल्या जातात. त्या दिवशी वर्गात नसलेला, वसतिगृहाच्या खोलीत पडून राहिलेला, फी भरण्यासाठी पैसे जमवायला गावी गेलेला किंवा मागील सत्रापासून येणेच बंद झालेला विद्यार्थी नमुन्यात येत नाही. ज्याच्यासाठी संशोधन हाती घेतले तोच त्यातून गळतो. पांडुरंग सांगवीकर हा असा गळणारा विद्यार्थी आहे. कादंबरी शंभरांतल्या नव्व्याण्णव जणांना अर्पण केलेली आहे, ही गोष्ट सरासरीवर विसंबणाऱ्या संशोधकाला विचारात पाडणारी आहे. सरासरीत हे सर्व जण मोजले जातात आणि तरीही त्यांतील एकही त्यात दिसत नाही.

पांडुरंग सांगवीकरचे उपाय

खानदेशातील सांगवीसारख्या गावातून पांडुरंग शिक्षणासाठी पुण्याला येतो. वडील गावातील वजनदार, शेतीवाडी असलेले गृहस्थ. पैशाची ददात नाही, मात्र प्रत्येक पैशावर वडिलांची मोहोर आहे. वसतिगृहात राहणारा हा मुलगा आरंभी अत्यंत उत्साही असतो. येथेच कादंबरीने रूढ शिफारशींची जणू आधीच परीक्षा घेतलेली आहे. ताण कमी करण्यासाठी विद्यार्थ्याने सहशालेय उपक्रमांत भाग घ्यावा, व्यक्तिमत्त्व विकास साधावा, जबाबदारी स्वीकारावी, असे सांगितले जाते. पांडुरंग हे सर्व करतो. महाविद्यालयाच्या सार्वजनिक जीवनात तो उतरतो, मित्र जोडतो, मेसचा सेक्रेटरी होतो. पण हेच उपक्रम त्याच्या विवंचनेचे मूळ ठरतात. मेसच्या कारभारात तो फसतो, पैशाचा घोळ होतो, मित्रांवर केलेला खर्च अंगाशी येतो आणि या सर्वांचा जाब शेवटी घरी द्यावा लागतो. उपक्रमशील विद्यार्थी आणि तणावग्रस्त विद्यार्थी असे दोन वेगळे वर्ग प्रश्नावली पाडते. येथे तो एकच मुलगा आहे.

विशेष असे की, मेसचे हिशेब सांभाळणारा हा मुलगा त्यासाठी प्रशिक्षित नाही आणि त्याच्या पाठीशी कोणी नाही. संस्थेने जबाबदारी सोपविली, आधार मात्र दिला नाही. आजच्या महाविद्यालयांतही स्नेहसंमेलनाचा सचिव, सांस्कृतिक विभागाचा विद्यार्थी प्रतिनिधी किंवा एखाद्या महोत्सवाचा कोषाध्यक्ष यांच्यावर येणारे ओझे हे ‘नेतृत्वगुण’ या सदरात जमा होते. त्यात खिशातून गेलेले पैसे कोणत्याच सदरात जमा होत नाहीत.

पुढील भागात पांडुरंग हळूहळू या सर्वांतून अंग काढून घेतो. आणि मग तो जे जे करतो त्याची यादी केल्यास ती आजच्या कोणत्याही ताण-व्यवस्थापन पुस्तिकेतून उतरविल्यासारखी वाटते. तो भटकतो, तासन् तास चालतो. सुरेशसारख्या मित्राशी मनातले बोलतो. रोजनिशी लिहितो. प्रवास करतो, अजिंठ्याची लेणी पाहतो. विनोद करतो, आणि तो विनोद बहुधा स्वतःवर असतो. फिरणे, मैत्री, लेखन, सहल, विनोद या पाचही गोष्टी आज कार्यशाळांतून पडद्यावर दाखविल्या जातात. पांडुरंगला त्या कोणी शिकविलेल्या नाहीत. त्याला त्या आपसूक सापडलेल्या आहेत. तरीही तो परीक्षेत अपयशी होऊन गावी परततो.

मग या उपायांचा उपयोग झाला नाही असे म्हणावयाचे का? संपादणुकीच्या परिभाषेत उत्तर ‘नाही झाला’ असेच येईल. कादंबरीची साक्ष वेगळी आहे. धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने दगावते, तो भाग मराठी कादंबरीतील शोकाच्या सर्वाधिक प्रखर चित्रणांपैकी एक आहे. त्यापूर्वी आणि त्यानंतरही निवेदकाची भाषा ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या शब्दांच्या आडोशाने चालते. समीक्षकांनी ही शैलीची लकब म्हणून नोंदविली, तिच्या नकलाही भरपूर झाल्या. मात्र ताणाच्या दृष्टीने पाहिल्यास ‘वगैरे’ हा शब्द एक काम करतो. जे सांगावयाचे नाही, सांगितल्यास सोसणार नाही, ते तो झाकून पुढे नेतो. ‘उदाहरणार्थ’ हा शब्द स्वतःच्या दुःखालाही अनेकांपैकी एक नमुना करून टाकतो. मानसशास्त्रात ज्याला भावनाकेंद्री सामना म्हणतात तो येथे वाक्याच्या घडणीत घडत असतो. आणि मनीच्या मृत्यूपाशी हा आडोसा पुरेनासा होतो. तेथे शोक थेट येतो, राग येतो, आणि तो राग घर, गाव, व्यवस्था कशालाच सोडत नाही.

हे दुःख विद्यापीठाच्या वेळापत्रकात कोठे बसते? याचे उत्तर त्या काळच्या वार्षिक परीक्षेतही नव्हते आणि आजच्या सत्र पद्धतीतही नाही. उलट सत्र पद्धतीने वर्षातून दोनदा परीक्षा, त्याखेरीज अंतर्गत मूल्यमापन, प्रकल्प, सेमिनार असा हप्त्याहप्त्याने ताण वाटून दिलेला आहे. वार्षिक परीक्षेत शोकाला निदान काही महिन्यांची मुदत मिळत असे. आता सत्राच्या मध्यावर घरी मृत्यू झालेल्या विद्यार्थ्याची चाचणी हुकते, मग पुनर्चाचणीसाठी अर्ज, मृत्यूच्या दाखल्याची प्रत, विभागप्रमुखांची शिफारस, आणि न जमल्यास एटीकेटी. ही सर्व कागदपत्रे मागणारा लिपिक किंवा प्राध्यापक दुष्ट नसतो. त्याच्याकडे दुसरा नियम नसतो.

रोजनिशीच्या भागाविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. भावनांना वाट करून देण्यासाठी रोजनिशी लिहावी, हा सल्ला आज सर्वत्र दिला जातो. पांडुरंगच्या रोजनिशीतील नोंदी आखूड, कोरड्या, कधी निरर्थक वाटाव्यात अशा आहेत. भावनेला तेथे वाट मिळत नाही. दिवस मोजले जातात, इतकेच. परंतु दिवस मोजणे हीसुद्धा टिकून राहण्याची एक रीत आहे. ज्याला उद्याचा अर्थ दिसत नाही तो आजची तारीख तरी लिहितो. समुपदेशकाने अशी रोजनिशी वाचली तर तो बहुधा ‘अभिव्यक्ती अपुरी’ असा शेरा मारील. वाचकाला मात्र त्या कोरडेपणातच विद्यार्थ्याची खरी अवस्था कळते. तसेच, पांडुरंग आणि सुरेश भविष्यातील इतिहास-संशोधकांच्या भूमिकेत जाऊन आपल्याच काळाची थट्टा करतात, तो भाग केवळ विडंबन नाही. ज्या विद्येने त्यांना नापास करावयाचे आहे त्या विद्येचीच ते थट्टा करीत आहेत.

येथे कादंबरीचीही एक मर्यादा स्पष्टपणे मांडली पाहिजे, कारण तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास ‘कोसला’चे वाचन भाबडे होईल. पांडुरंगचे अपयश त्याला परवडते. परत जाण्यासाठी त्याला गाव आहे, घर आहे, वडिलांची शेती आहे, वडिलांशी भांडता येईल असा ओटा आहे. गावातील बेकार तरुणांच्या घोळक्यात बसून तो नापास होण्याला एक प्रकारचे तत्त्वज्ञान करू शकतो. परतीचा हा मार्ग सर्व विद्यार्थ्यांना नसतो. मुलीला तर तो जवळजवळ कधीच नसतो. तिचे नापास होणे म्हणजे बहुधा लग्न ठरणे. नापास होण्यातील नकाराचे सौंदर्य ज्यांनी ‘कोसला’त पाहिले, त्यांनी या फरकाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

‘अंतःस्फोट’ : उलट दिशेची साक्ष

या मर्यादेमुळेच ‘कोसला’ला एकटे वाचून चालणार नाही. तिच्या शेजारी कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१) ठेवल्यास प्रश्नाची दुसरी बाजू उघडते. त्यातील संस्कृतच्या शिक्षणाविषयीचा लेख अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या ‘पॉयझन्ड ब्रेड’ (१९९२) या इंग्रजी संकलनामुळे महाराष्ट्राबाहेरही अभ्यासला गेला. नागपूरमधील एका दलित मुलीने संस्कृत शिकावे, आणि तेही एम.ए. पर्यंत, ही घटना तिच्या भोवतालाला पचणारी नव्हती. परक्यांचा उपहास होताच, स्वकीयांचाही संशय होता. लझारस-फोकमन यांच्या व्याख्येप्रमाणे पाहिल्यास मागणी अवाढव्य आणि साधने तुटपुंजी अशी ही स्थिती, म्हणजे ताणाची परिसीमा. तरीही निकाल उत्तम लागतो.

म्हणजे पांडुरंगजवळ साधने आहेत, तो स्वतःचा ताण आपल्या परीने हाताळतोही, आणि नापास होतो. कुमुद पावडे यांच्याजवळ साधने नाहीत, ताण टिपेला पोहोचलेला आहे, आणि त्या उत्तम यश मिळवितात. सहसंबंधाची रेषा दोन्ही टोकांना मोडते. दोन उदाहरणांनी सांख्यिकी खोटी ठरत नाही, हे उघड आहे. परंतु सांख्यिकीनेच ज्या नात्याला दोन टक्क्यांहून कमी जागा दिली त्या नात्यावर महाविद्यालयीन धोरण उभारताना ही दोन उदाहरणे डोळ्यांआड करणे शहाणपणाचे नाही.

पावडे यांच्या लेखाचा खरा आघात निकालानंतर होतो. पदवी हाती आली, पण नोकरी मिळत नाही. मुलाखतींत जातीचा अडसर उभा राहतो. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलते आणि त्यानंतर शासकीय महाविद्यालयात अध्यापनाची संधी मिळते. त्या स्वतःच या यशाचे श्रेय आपल्या माहेरच्या नावाला मिळाले नाही, असे कडवटपणे नोंदवितात. येथे शैक्षणिक संपादणूक हीच मुळी निर्णायक राहत नाही. ताण-व्यवस्थापनाचे लेखन ज्या गुणांना अंतिम साध्य मानते ते गुण मिळाल्यावरही ताण संपत नाही, तो केवळ जागा बदलतो. गुणपत्रिकेवरचा आकडा आणि त्या आकड्याची बाजारातील किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट आडनावानुसार बदलते, हे १९८१ मध्ये लिहिले गेले. आजच्या प्रश्नावल्यांत जात, धर्म, ग्रामीण-शहरी असे रकाने पहिल्या पानावर असतात. मात्र विश्लेषणात ते ‘सार्थ फरक आढळला’ किंवा ‘आढळला नाही’ एवढ्यावर संपतात.

या दोन्ही साक्षींना एक समान उणीव आहे. त्या दोन्ही लिहू शकलेल्या माणसांच्या आहेत. आत्मकथन वाचलेल्यांचे असते. कादंबरीचा निवेदकही पंचविसाव्या वर्षी जिवंत राहून आपली हकिकत सांगतो. जो हकिकत सांगण्यापूर्वीच गेला त्याच्याविषयी साहित्यही प्रश्नावलीइतकेच मुके आहे. साहित्याला सर्वेक्षणाचा पर्याय मानण्याचे म्हणून कारण नाही. सर्वेक्षणाने काय विचारावे, हे सुचविण्यापुरते साहित्य उपयोगी आहे.

लोकप्रिय संस्कृतीने या प्रश्नाचे जे उत्तर दिले ते येथे थोडक्यात पाहण्याजोगे आहे. ‘थ्री इडियट्स’ (२००९) हा चित्रपट परीक्षार्थी शिक्षणाविरुद्ध बोलतो आणि त्यातील विद्यार्थ्याच्या आत्महत्येचा प्रसंग प्रेक्षकांना हेलावून सोडतो. मात्र त्याचा नायक ताणमुक्त राहूनही पहिला येतो. प्रेक्षक घरी परततो तो या समजुतीने की योग्य वृत्ती असल्यास आनंद आणि पहिला क्रमांक दोन्ही मिळतात. कार्यशाळांचे आश्वासनही नेमके हेच असते. ‘कोसला’ला असे आश्वासन देता आले नाही, यात तिचा प्रामाणिकपणा आहे.

समुपदेशन कक्षाचे प्रयोजन

वरील विवेचनाचा महाविद्यालयीन व्यवहाराशी थेट संबंध आहे. नॅक मूल्यांकनाच्या निमित्ताने बहुतेक महाविद्यालयांत समुपदेशन कक्ष, मेंटॉर-मेंटी योजना आणि ताण-व्यवस्थापनाच्या कार्यशाळा सुरू झाल्या. कार्यशाळेचा अहवाल, उपस्थितांच्या सह्या आणि स्थळ-वेळ छापलेली छायाचित्रे जोडली की उपक्रम सिद्ध होतो. त्यात काही चांगले घडतच नाही असे नव्हे. एखादी कार्यशाळा एखाद्या मुलाला आपल्या अवस्थेला नाव देण्यास मदत करते, आणि तेवढेही मोलाचे असते. आक्षेप आहे तो या उपक्रमांच्या समर्थनाच्या रीतीवर. कक्ष का हवा, तर निकाल सुधारतो म्हणून. हे समर्थन धोक्याचे आहे. निकाल सुधारला नाही तर कक्ष अनावश्यक ठरेल. आणि अधिक गंभीर असे की, समुपदेशकाकडे जाऊनही नापास झालेला पांडुरंग हा त्या कक्षाचे अपयश म्हणून मोजला जाईल, वस्तुतः तो जिवंत आहे, बोलतो आहे, घरी पोहोचला आहे.

‘व्यवस्थापन’ हा शब्दही तपासून घेण्यासारखा आहे. ज्याची व्यवस्था लावावयाची ती वस्तू व्यवस्थापकाच्या ताब्यात असावी लागते. शिष्यवृत्तीचा उशिरा येणारा हप्ता, वसतिगृहाच्या जागांची टंचाई, शाळेत मराठी आणि पदवीला अचानक इंग्रजी असा माध्यमबदल, सत्राच्या मध्यावर बदलणारे परीक्षेचे वेळापत्रक, रिकामी असलेली अध्यापकांची पदे आणि तासिका तत्त्वावर नेमलेले, एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयाकडे धावणारे शिक्षक, यांपैकी एकही गोष्ट विद्यार्थ्याच्या ताब्यात नाही. त्याच्या ताब्यात फक्त त्याचा श्वास आहे, म्हणून त्याला प्राणायाम शिकविला जातो. प्राणायामाविषयी येथे आक्षेप नाही. संस्थेच्या ताब्यातील गोष्टी विद्यार्थ्याच्या श्वासाकडे वर्ग करण्याविषयी आहे.

याच संदर्भात ‘अंतःस्फोट’मधील एका व्यक्तीचा उल्लेख महत्त्वाचा ठरतो. शाळेत संस्कृत शिकविणारे गोखले गुरुजी हे वेशाने आणि राहणीने पूर्णतः सनातनी वाटणारे गृहस्थ. हे आपल्याला शिकविणार नाहीत, अशी त्या मुलीची खात्री असते. प्रत्यक्षात ते भेदभाव न करता शिकवितात. त्यांनी कोणतेही तंत्र वापरलेले नाही, सांत्वन केलेले नाही, प्रेरणादायी व्याख्यान दिलेले नाही. त्यांनी संस्कृत शिकविले, आणि इतरांना जसे शिकविले तसेच तिला शिकविले. अपेक्षेपेक्षा वेगळे वागणारा एक शिक्षक, इतकेच ते साधन होते. लझारस-फोकमन यांच्या समीकरणात साधनांच्या बाजूला त्याची नोंद करावी लागेल. ‘कोसला’तील पुण्यात अध्यापक आहेत, तास होतात, परीक्षा होतात, वसतिगृहाची व्यवस्थाही आहे. परंतु सांगवीहून आलेल्या या मुलाच्या बहिणीचे नाव काय होते, हे विचारील असा कोणी त्यांच्यात ठळकपणे समोर येत नाही.

मेंटॉर-मेंटी नोंदवहीत सर्वसाधारणपणे विद्यार्थ्याचे नाव, आसन क्रमांक, मागील सत्राचे गुण, उपस्थितीची टक्केवारी आणि ‘अडचणी, असल्यास’ असा एक रकाना असतो. एका अध्यापकाकडे वीस-पंचवीस किंवा त्याहून अधिक विद्यार्थी, आणि भेटीसाठी तासिकांमधला मोकळा वेळ. अशा वेळी तो शेवटचा रकाना ‘नाही’ या शब्दाने भरला जाणे स्वाभाविक आहे. पांडुरंगनेही तेथे ‘नाही’ असेच लिहिले असते, किंवा फार तर ‘वगैरे’.